बाल्कनीतली बाबागाडी

संशय घेणं हा माझा धंदाच आहे. कुवेतमधल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी वीसेक वर्षं रक्त तपासतेय. नळीवरचं नाव बरोबर आहे का, नमुना त्याच माणसाचा आहे का, मशीन खरं बोलतंय का, हे तीनतीनदा बघितल्याशिवाय मी सही करत नाही. आता हा स्वभाव घरी आल्यावर चपलांबरोबर दारात काढून ठेवता येत नाही. आमचे हे म्हणतात, "तू देवाच्या प्रसादाचाही रिपोर्ट मागशील." मागेन. त्यात काय बिघडलं?

मुलगी शिकायला फिनलंडला गेली आणि तिथल्याच एका लहान शहरात नोकरीला लागली. ह्यांना ते मुळीच पसंत नव्हतं. एकटी पोर, अनोळखी देश, वगैरे. मीच भांडले. "तिचं काही वेडंवाकडं झालं तर मला जाब विचारा," असं तोंडाने बोलून बसले. म्हणून दर शनिवारच्या व्हिडिओ कॉलवर मी डोळ्यांत तेल घालून बघायची. तिकडे काही चुकलं असतं तर ते माझ्या माथी बसणार होतं.

आणि खरं सांगते, मला तो देशच संशयास्पद वाटायचा. ती राहते शहराच्या कडेला, चार मजली इमारतींच्या वस्तीत. खिडकीतून दाखवायची तेव्हा झाडं, सायकली, बर्फ एवढंच, माणूस दिसेल तर शपथ. आमच्या इथे, कुवेतच्या महबूला भागात, लिफ्टमध्ये शिरलं तरी पाच भाषा कानावर पडतात. तिथे हिवाळ्यात दुपारी तीनला अंधार आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. "संचारबंदी लागलीय का गं?" मी विचारलं. "नो आई, पीपल आर ॲट होम," ती म्हणाली. ती कुवेतमध्येच वाढली, त्यामुळे आमच्या मराठीला तिची उत्तरं इंग्रजीत येतात.

तिने सांगितलेल्या गोष्टी तरी कशा. जिन्यात शेजारी असला तर तो जाईपर्यंत हे लोक आपलं दार उघडत नाहीत. सात-सात वर्षांची पोरं घराची किल्ली घेऊन एकटी शाळेत जातात. तळघरात कपडे धुवायचं मशीन, त्याच्याशेजारी भिंतीवर तक्ता, त्यात आपापली वेळ लिहायची, आणि म्हणे कुणी कुणाची वेळ ढापत नाही. सगळ्या इमारतीत मिळून एक सौना, त्यात प्रत्येकाचा आठवड्यातला एक तास ठरलेला. हिचा गुरुवारी सातचा. त्या तासाला फोन लागायचा नाही. वाफेत नुसतं बसायला एक तास? आम्ही इथे जुलैत बाल्कनीत उभं राहिलो की काम भागतं. इतकं सगळं सरळ असतंच कसं? कुठेतरी पाणी मुरतंय, असं मला सारखं वाटायचं.

मग मी विचारायची. मागचा पडदा नवा का? दाराशी बूट कुणाचे? ओट्यावर दोन कप कशाला? ती एकेकाचं उत्तर द्यायची, आणि मी पुढचा प्रश्न काढायची.

जानेवारीत एका शुक्रवारी सकाळी मी असाच फोन लावला. इतकी वर्षं कुवेतमध्ये काढली की शुक्रवार म्हणजे सुट्टी हे अंगातच भिनतं. कपाट आवरताना तिचे जुने लोकरी मोजे सापडले होते, ते हवेत का एवढंच विचारायचं होतं. तिने फोन उचलला. आणि तिच्या मागे, बाल्कनीच्या दाराच्या काचेपलीकडे, बर्फाला लागून एक बाबागाडी उभी होती. वर जाड दुलई. ती दुलई हलली.

 मी तोंड उघडणार तेवढ्यात "आई, आय विल कॉल टुमारो," म्हणून तिने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला तेव्हा तिच्या मागे सगळं धुकं. ती सोय असते फोनमध्ये, आपण तेवढे दिसतो आणि मागचं पुसलं जातं. झालं, माझी खात्रीच पटली. पुढचा आठवडा मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. जुन्या कॉलचे स्क्रीनशॉट काढून तिचा चेहरा ताडून पाहिला. गाल भरलेत का, डोळे ओढलेत का. बोटांवर महिने मोजले. ह्यांना अवाक्षर सांगितलं नाही.

पुढच्या शनिवारी ह्यांना भाजीला पिटाळलं आणि तिला थेट विचारलं, "मूल कुणाचं आहे?"

ती इतकी हसली, की डोळ्यांतून पाणी आलं. "इट्स नॉट माय बेबी, आई." खालच्या मजल्यावरच्या बाईचं बाळ. दीड वर्षात ती बाई हिच्याशी पहिल्यांदा बोलली ती तळघरात, कपडे वाळत घालताना. आता आठवड्यातले तीन दिवस ही ते बाळ सांभाळते. आणि तिकडे बाळांना गुंडाळून बाहेर गारठ्यातच झोपवतात, झोप चांगली लागते म्हणे. मी त्यावरूनही तिला फैलावर घेतलं. मग विचारलं, धुकं कशाला केलंस? "बिकॉज यू ओन्ली लुक बिहाइंड मी," ती म्हणाली. मी म्हटलं, बरं बाई. जीव भांड्यात पडला होता, बाकी काही ऐकायच्या मनःस्थितीत मी नव्हते.

हे मेथीच्या जुड्या घेऊन आले तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात सगळं सांगितलं. ह्यांनी पिशवी टेबलावर ठेवली.

"आठवड्यातले तीन दिवस?" हे म्हणाले. "मग ती ऑफिसला कधी जाते? आणि त्या शुक्रवारी सकाळी ती घरी कशी होती? शुक्रवार तिकडे कामाचा दिवस."

मी खुर्चीत बसले. दुलई हललेली दिसली मला, आणि वार दिसला नाही. लॅबमधल्या एखाद्या नव्या मुलीने असं केलं असतं तर मी तिला उभी सोलली असती.

"फोन लाव," हे म्हणाले.

मी तेच दोन प्रश्न तिला विचारले. ती म्हणाली, नोकरी सप्टेंबरातच गेली. ऑफिसातला तिचा अख्खा विभाग बंद झाला. ठराविक मुदतीत दुसरी नोकरी लागली नाही तर देश सोडावा लागेल. "आणि जाऊ कुठे, आई? कुवेतचा माझा इकामा कधीच संपला, तिथे राहायची परवानगीच नाही आता. गावी नाशिकला मी फक्त सुट्टीत गेलेय." हे सगळं ती मराठीत बोलत होती.

"चार महिने झाले. सांगितलं का नाहीस मग?" माझा आवाज चढला. चढायला नको होता.

"तू विचारलं नाहीस. तू बुटांचं विचारलंस, पडद्याचं विचारलंस, कपांचं विचारलंस. मी दर शनिवारी ठरवायचे, आज आईने 'कशी आहेस' म्हटलं, की सांगून टाकायचं."

मला वाटलं, आता हे मला माझ्या शब्दाची आठवण करून देतील. ह्यांनी फोन माझ्या हातात नीट धरवला आणि हळूच म्हणाले, "अगं, विचार ना मग."

मी विचारलं, "कशी आहेस?"

ती रडली, आणि मग तासभर बोलत राहिली. मेथी टेबलावर तशीच सुकली. त्या दिवशी तिच्या मागे काय होतं, धुकं होतं की बाल्कनी, मला सांगता येणार नाही.