बांधावरची काटेरी फांदी

रिटायर झालो आणि त्याच महिन्यात शुगर निघाली. रोह्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, गुडघे तुमचे जपायला हवेत, चढउतार नको, सपाट जागा बघा आणि हळूहळू धावा. रोह्याशेजारच्या अष्टमी गावात भाड्याच्या घरात होतो तोवर नदीकाठच्या फरसबंद वाटेवर धावायचो. मग ते घर सोडलं आणि पेणच्या खाडीकाठी, आमच्या गावच्या घरी परत आलो. आई जाऊन सात वर्षं झाली होती, तेव्हापासून घर बंदच होतं. इथे फरसबंदी कुठली असायला! पण खाडीचा बांध आहे. एका बाजूला खारं पाणी, दुसऱ्या बाजूला भातशेती आणि वर दोन माणसं जोडीने चालतील एवढी सपाट मातीची वाट. भरतीच्या वेळी वारा तोंडावर येतो तेव्हा वाटतं, शुगर झाली तेही बरंच झालं.

पहिल्या दिवशी मात्र गंमत झाली. आमच्याकडे बांधावर माणूस धावतो तो एकाच कारणाने, खांड पडली, म्हणजे बांध फुटला, की. मला धावताना बघून तिघेजण फावडी घेऊन मागे पळत आले. व्यायाम करतोय म्हटल्यावर त्यांनी मला ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. पुढे गावाला सवय झाली. मी धावत गेलो तरी कुणी मान वर करेना.

गणपती गेल्यानंतरची गोष्ट. एका सकाळी वाटेच्या मधोमध बाभळीची काटेरी फांदी रोवलेली. मला राग पटकन येतो, घरचे सांगतील. कुणीतरी खोडी काढलीय असं वाटलं. फांदी उपटली, खाडीत भिरकावली आणि पुढे निघालो. आता सांगायला लाज वाटते, कारण लहानपण माझं याच गावात गेलेलं. खेकडे बांध पोखरतात. बीळ दिसलं की ते ताज्या चिखलाने बुजवायचं आणि सुकेपर्यंत कुणाचा पाय पडू नये म्हणून वर काटा रोवायचा, हे इथल्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं. कंपनीत तीस वर्षं शिफ्ट करता करता मी ते साफ विसरलो होतो.

अमावस्येला सकाळी त्याच जागी माझा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. पाय ओढून काढला, तेव्हा शेताच्या बाजूने बांध ओला दिसला. ओलीला बोट लावून चाखलं. खारट! तेव्हा कुठे ती फांदी आठवली. दुपारी बाराच्या सुमाराला उधाणाची भरती येणार होती आणि खालचं शेत शेजारच्या काकीचं होतं. काका जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, वर्षाचं खाणं त्या एका शेतावर. भात पोटरीला आलेलं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात. खारं पाणी शिरलं असतं तर ते पीक तर गेलंच असतं, वर पुढची दोन-तीन वर्षं त्या मातीत काही उगवलं नसतं.

मी गावाकडे जीव खाऊन पळालो. डॉक्टरांनी बघितलं असतं तर कपाळाला हात लावला असता. आणि गाव माझ्याकडे बघेना! एकाने तर हात हलवून राम राम केला. शेवटी देवळापुढे उभा राहून बोंब मारली तेव्हा माणसं हलली. रात्रपाळी करून नुकते आडवे झालेलेही उठून आले. बायकांनी पेंढा आणला, चिखलाची घमेली हातोहात येऊ लागली. मी भोकात उभा राहून चिखल तुडवत होतो. काकी घमेल्यामागून घमेलं माझ्या हातात देत होती. साडेअकराला पाणी बांधाला लागलं, बाराला अर्ध्यावर चढलं. आम्ही सगळे शेताच्या बाजूने बांधाकडे डोळे लावून बसलो. ओल वाढली नाही. पाणी उतरायला लागलं तसा मला जो सुटल्यासारखा श्वास आला, तसा जन्मात आला नव्हता.

मग कुणीतरी म्हणालं, काटा गुरांनी पाडला असेल. गप्प राहिलो असतो तर खपून गेलं असतं. पण काकी समोरच बसली होती, कोपरापर्यंत चिखलाने माखलेली. मी सांगून टाकलं, काटा मी उपटला. एका म्हाताऱ्याने तोंड उघडलं, तर काकीने त्याला हातानेच थांबवलं.

"बांधाचा ह्यो वाटा कोनाचा हाय, ठाव हाय का तुला?" तिने मला विचारलं.

मी म्हटलं, नाही. आमच्या गावात प्रत्येक घराला बांधाचा एकेक तुकडा वाटून दिलेला असतो. तो त्या घराने राखायचा. एवढं आठवत होतं. पण आता ते सगळं सरकार बघत असेल, असं मी धरून चाललो होतो.

"तुझ्या घरचा. तुझी आय गेली तवापासून मीच बुजवतंय."

सात वर्षं. सात पावसाळे ही बाई आमच्या वाट्याची बिळं बुजवत होती आणि मला कुणी कधी एका शब्दाने सांगितलं नव्हतं. मी रोज सकाळी तिच्या कष्टांवरून धावत होतो आणि बांध आपल्यासाठीच घातलाय अशा तोऱ्यात होतो. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. तिथेच, चिखलात, मी तिच्या पाया पडलो. म्हटलं, काकी, आजपासून माझा वाटा मी राखीन, आणि तुझाही.

"आधी तुझा नीट राख," काकी म्हणाली.