बसलेला आवाज

आवाज मोठा यावा म्हणून मी माझ्या इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपचे स्क्रू पिळले आणि पिकअप पार तारांना भिडवला. पिकअप म्हणजे तारांची थरथर पकडून आवाजासाठी पुढे पाठवणारं चुंबक, आणि त्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. चुंबक इतकं जवळ आलं की वरच्या तारांनाच ओढू लागलं, आणि गिटार पेंगुळलेल्या गायकासारखी डुलत बेसूर वाजू लागली.

"काय केलास रे हे? दे इकडं," माझा कॉलेजपासूनचा दोस्त म्हणाला. तो काचीगुड्यात भीमजयंतीच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. मी घरी, दार लावून.

आठवड्याने त्याने गिटार परत आणून दिली. सूर नीट लागत होते, पण आवाज बसला होता. माझा जुना पिकअप भरपूर वेढ्यांचा, म्हणून आवाज जाड, किंचित घोगरा. आता मात्र पत्र्यावर चमचा आपटावा तसा किणकिणायचा. चूक मी माझीच धरली. तारा बदलल्या, पिकअप वर-खाली केला, अॅम्प्लिफायरखाली उशीसुद्धा ठेवून पाहिली.

"आवाज बोटांत असतो रे," दोस्त समजावायचा. "रियाज कर."

केला. बोटांना घट्टे पडेपर्यंत केला.

जयंतीला त्याने स्टेजवर पहिलीच तार छेडली आणि मी खुर्चीत ताठ झालो. जाड, किंचित घोगरा! घरच्या माणसाचा खोकला गर्दीतही कळतोच की.

मांडवामागे त्याला गाठलं. "हा माझा पिकअप आहे."

तो लाजलासुद्धा नाही. "हौ. माझा तुझ्यात बसवला. तुझ्या घरी ऐकतंय कोण? इथं लोक ऐकायलेत."

"आणि आवाज बोटांत असतो म्हणालास, ते?"

"मग काय म्हणणार होतो?"

पिकअप गेला तर गेला. पण इतके दिवस हा माणूस माझ्याच कानांना खोटं पाडत होता, आणि मी मान डोलावत होतो. मागितला असता तर दिला असता ना मी! घरी येऊन हे बायकोला इतक्यांदा सांगितलं की शेवटी तिने हातातली भाजी बाजूला ठेवली.

"दिला असतात हो," ती म्हणाली. "आणि दर जयंतीला शेजारच्याला कोपर मारून सांगितलं असतंत, 'तो आवाज माझा!' त्याला ते ठाऊक होतं." मग भाजी पुन्हा हातात घेत, "पण रियाज कर म्हणायला नको होतं त्यानं."