पुरलेलं पिंप

दुष्काळाच्या त्या साली भिंगारला आमच्या खोलीमागच्या परसात पाण्याचं पिंप होतं. नागापूरच्या एका कारखान्यात मी कामाला होतो, तिथून आणलेलं, तेलाचं, वरून कापून घेतलेलं. ते तीन विटांवर उभं असे आणि आमचा दोन वर्षांचा मुलगा त्याच्या काठाला लोंबकळे. एकदा ते डगमगलेलं मी पाहिलं. भरलेलं पिंप पोराच्या अंगावर आलं तर?

सुट्टीच्या दिवशी पहार घेतली आणि पिंप अर्ध्याच्या वर जमिनीत पुरलं. शेजारचे काका कुंपणावरून म्हणाले, "काय रं, तिजोरी पुरतोस व्हय?"

"यंदा तिजोरीच म्हणायची, काका."

बायको दारात उभी होती. "अवो, आता तर त्याचा हात पोचतोय की पाण्याला."

"पोचू दे. अंगावर तर पडणार न्हाई?"

"मग झाकण तरी आना."

"आणतो म्हटलं ना!"

दुसऱ्याच दिवशी कारखान्यात पत्रा गोल कापून घेतला. कडा धारदार होत्या, पोराचा हात कापला असता. त्या वळवून घ्यायच्या म्हणून पत्रा तिथंच ठेवला, आणि तो तिथंच राहिला. तोवर धूळ जाऊ नये म्हणून पिंपाच्या तोंडावर बारदान ताणून सुतळीनं बांधलं. पिंप मी पोरासाठी पुरलं होतं. झाकलं मात्र पाण्यासाठी. ताणलेलं बारदान लहान मुलाला बसायच्या जागेसारखं दिसेल, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

त्या दुपारी मी कामावर होतो. पोर झोपलेलं पाहून बायको टँकरवर गेली. ती परतली तेव्हा बारदान आत गेलेलं होतं.

आम्ही त्याला पोचवून आलो. काकांनी पिंपातलं पाणी बादल्यांनी उपसून गटारात ओतलं. तेव्हा आमच्या गल्लीत तांब्याभर पाण्यावरून भांडणं होत. ते सगळं पाणी दारांसमोरून वाहत गेलं, पण कुणी भांडं लावलं नाही.

बायकोनं मला कधी दोष दिला नाही. पुढे मुलगी झाली. ती रांगू लागली तशी बायकोनं पाण्याची घागर उंच फळीवर नेऊन ठेवली. टाचा उंचावून ती चाचपडत तांब्या बुडवायची, निम्मं पाणी तिच्याच अंगावर सांडायचं. न राहवून मी म्हणालो, "फळी जरा खाली घेतो."

"नगं," ती म्हणाली. "तुमी काय करू नका."