खड्डे राखणारी यमुना

माझी बायको खड्डे राखते. "मिसेस काय करतात?" असं कोणी विचारलं की मी हेच सांगतो. समोरचा हसतो आणि यमुना मला कोपराने ढोसते. पण यात खोटं काय आहे? जर्मनीतल्या र्युसेल्सहाइमपासून अर्ध्या तासावर, पाइनच्या झाडीत, गाड्यांच्या चाचण्यांचं एक मैदान आहे. तिथे गुळगुळीत रस्ते आहेत, चढ आहेत, पाण्याचे हौद आहेत आणि एका कडेला चारशे मीटरचा एक अत्यंत भिकार रस्ता आहे. तो भिकार रस्ता यमुनाच्या ताब्यात. त्यातला एक खड्डा बुजला तर बाई दोन दिवस नीट जेवत नाही.

हा रस्ता म्हणजे नामिबियाच्या वाळवंटातल्या एका कच्च्या रस्त्याची नक्कल. चौदा वर्षांपूर्वी यमुना सहा आठवडे तिथे जाऊन तो रस्ता मोजत होती. शेवटच्या आठवड्याला मीही रजा काढून गेलो, कारण आमच्या लग्नाला पंधरा वर्षं होत होती. लोक लग्नाच्या वाढदिवसाला पॅरिसला जातात. मी जीपमध्ये बसून दीडशे किलोमीटर हाडं खिळखिळी करून घेतली, आणि वाटेत चहाची टपरी म्हणाल तर एक नाही.

त्या रस्त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा होत्या. मी म्हटलं, "कुठल्या गाढवाने केलाय हा रस्ता?" तर यमुना म्हणाली, "कोणीच नाही. गाड्यांनी केलाय. सगळे एकाच वेगाने जातात, चाकं उडतात, खडी मागे ढकलली जाते, आणि आपोआप लाटा पडतात." महिन्यातून एकदा मशीन येऊन रस्ता सपाट करायचं. आठ दिवसांत लाटा परत हजर. मधेच वाळू साचलेली, मधेच कोरड्या नदीचं पात्र, आणि यमुना मात्र वहीत खुणा करत खूश.

पाचव्या दिवशी वाटेत एक ॲम्ब्युलन्स उभी दिसली. आत कंबरेचं हाड मोडलेली एक म्हातारी होती. स्ट्रेचरला गाडीच्या तळाशी धरून ठेवणारी कडी हादऱ्यांनी तुटली होती, आणि म्हातारीची लेक एकटीच ते स्ट्रेचर दाबून धरत होती. यमुनाने मला विचारलं नाही, कोणालाच विचारलं नाही. आत चढली, खाली बसली आणि दुसऱ्या बाजूचा दांडा धरला. दवाखाना साठ किलोमीटर लांब होता. मी जीप घेऊन मागे मागे. पोचल्यावर ती उतरली तेव्हा तिची बोटं उघडेनात. मी एकेक बोट धरून सोडवलं. मला तेव्हा तिचा इतका अभिमान वाटला की मी तिलाच रागावलो, "हातमोजे तरी घालायचेस!"

परत आल्यावर दोन वर्षं खपून तिने हा चारशे मीटरचा रस्ता करून घेतला. सुरुवातीला ऑफिसातले हसायचे. मग वाळवंटात जाणारे ट्रक बनवणारे चाचणीला आले, ॲम्ब्युलन्सवाले आले, आणि हसणारे गप्प झाले.

दोन वर्षांपूर्वी तिकडच्या ओळखीच्या ड्रायव्हरने फोटो पाठवले. मूळ रस्त्यावर डांबर पडत होतं. रोलर, पाण्याचे टँकर, बाजूने काढलेला कच्चा वळसा. यमुना म्हणाली, "बरं झालं हो. लोकांची हाडं वाचतील." आणि मग सिंकमधली स्वच्छ भांडी परत घासायला लागली. मी जवळ गेलो तर म्हणाली, "एक डांबरी झाला, तसले शेकड्याने कच्चे आहेत अजून. पण माझा गेला हो. आता आहे ती नक्कलच."

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की यंदाच्या जूनमध्ये काय झालं ते तुम्हाला कळावं.

यमुनाची अक्कलदाढ काढली म्हणून तिने गुरुवारी सुट्टी घेतली. शुक्रवारी सुजलेला गाल घेऊन कामावर गेली. नऊ वाजता मला फोन. "अहो, माझा रस्ता गेला."

"गेला म्हणजे? कुठे गेला?"

"सपाट केला. कुणीतरी माझा रस्ता सपाट केला!" आणि ती रडायला लागली. दाढ काढताना हूं की चूं केलं नव्हतं हिने. मी गाडी काढली.

माझी गाडी एकोणीस वर्षांची आहे. आठच दिवसांपूर्वी ती ट्यूफच्या, म्हणजे इथल्या सक्तीच्या वाहन-तपासणीत नापास झाली होती, कारण चारही शॉकॲब्सॉर्बर गेलेले. दुरुस्त करायला महिन्याची मुदत मिळाली होती. "ती डबडी भंगारात घाला," असा यमुनाचा जप तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ चालू होता.

मैदानावर पोचलो. गेटवर पाहुण्याचं कार्ड, पिवळं जाकीट, तीन सह्या. आत बघतो तर यमुनाच्या रस्त्याच्या जागी गालिचा. आणि त्याच्याशेजारी खुशीत उभे हेर, म्हणजे श्रीयुत, बाउमान. हे रस्तेकाम करणाऱ्या कंपनीचे मुकादम, बाजूचा रस्ता डांबरी करायला आलेले. गुरुवारी त्यांचं काम लवकर संपलं, चार ट्रक खडी उरली, रोलर रिकामा उभा होता आणि शेजारी हा एवढा लाजिरवाणा रस्ता. एकतीस वर्षं रस्ते सपाट करणाऱ्या माणसाला ते बघवलं नाही. त्यांनी तो करून टाकला. फुकट! वर यमुनाला म्हणाले, "गेर्न गेशेएन." म्हणजे, आभार कसले, आनंदाने केलं.

अशा माणसावर रागवायचं तरी कसं? यमुनाने मात्र व्यवस्थित जमवलं. सुजलेल्या गालाने, अर्धं मराठीत, अर्धं जर्मनमध्ये, तिने त्यांना सगळं वाळवंट ऐकवलं, त्या म्हातारीसकट. हेर बाउमानचा चेहरा खडीच्या रंगाचा झाला.

तेवढ्यात तिचे साहेब, हेर क्लिंगलर, आले. शांत माणूस, पण शांतपणे गळा कापणारा. म्हणाले, "तर, बुधवारी ॲम्ब्युलन्सवाले येणार आहेत. त्यांना नाही म्हणून कळवू. तसेही या पट्ट्याला वर्षातून चार-पाचच गिऱ्हाइकं. झालंय सपाट, तर राहू दे. इथे चार्जिंगचं पार्किंग करता येईल."

"बुधवारी रस्ता तयार असला तर?" यमुनाने विचारलं.

"तर राहील. नसला तर पार्किंग. गेनाऊ." म्हणजे, अगदी असंच.

ते गेले. हेर बाउमान म्हणाले, "मी मशीनने लाटा कोरून देतो, सेंटीमीटर चुकणार नाही." यमुना म्हणाली, "कोरलेल्या नकोत. त्या पायऱ्या होतात. नदीचं पात्र तेवढं खोदा, वरची खडी मोकळी करा. लाटा गाड्याच पाडतील."

"कुठल्या गाड्या?"

इथे घोडं अडलं. मैदानावरच्या सगळ्या गाड्या नव्या कोऱ्या, चाक जमिनीला चिकटून चालणाऱ्या. यमुनाला हव्या होत्या चाकं उडवणाऱ्या, शॉकॲब्सॉर्बर मेलेल्या गाड्या. जर्मनीत असली गाडी रस्त्यावर दिसायची सोय नाही. ती विचार करत उभी राहिली. मग हळूच मान वळवून तिने पार्किंगकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"काय?" मी म्हटलं. "भंगारात घालायची होती ना?"

"अहो..."

"नाही, तू म्हणालीस. डबडी म्हणालीस."

"वासुदेव," ती म्हणाली. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, बाई माझं नाव घेते ती फक्त पासपोर्ट ऑफिसात. मी गपचूप चावी काढली.

शनिवारी सकाळी सात वाजता मी, माझी डबडी आणि हेर बाउमान त्यांच्या खिळखिळ्या टिपरसह हजर. पंचेचाळीसचा वेग, कमी नाही, जास्त नाही. चारशे मीटर जायचं, वळायचं, परत यायचं. पन्नास फेऱ्या झाल्या, काही नाही. शंभर झाल्या, काही नाही. मी म्हटलं, "यमुना, आपल्याकडे रस्ता करून देतात तो पहिल्या पावसात उखडतो, आणि हा जर्मन माणसाने चुकून केलेला सुद्धा हटत नाही!" सव्वाशेव्या फेरीला स्टिअरिंगला बारीक गुदगुल्या झाल्या. मी ब्रेक मारून उतरलो. बोटभर उंचीच्या लाटा! यमुना गुडघ्यावर बसून त्यांच्यावरून हात फिरवत होती. हेर बाउमान टिपरमधून ओरडले, "मी रस्ता बिघडवला! आयुष्यात पहिल्यांदा!"

रविवारी जर्मनीत काम बंद. सोमवारी, मंगळवारी परत फेऱ्या. माझ्या पाठीचं काय झालं ते मी सांगत बसत नाही, सांगितलं तरी कोण ऐकतंय. मंगळवारी दुपारी यमुना माझ्या शेजारी येऊन बसली, डोळे मिटले आणि म्हणाली, "चालवा." नदीचं पात्र आलं, वाळू आली, मग लाटा. तिचे दात वाजत होते. "हाच," ती म्हणाली. "हाच तो." डोळे तिने नंतरही बराच वेळ उघडले नाहीत.

बुधवारी स्टुटगार्टकडून ॲम्ब्युलन्स आली. पांढरी शुभ्र. आत स्ट्रेचरवर वाळूने भरलेला माणसाएवढा पुतळा. ती बनवणाऱ्या कंपनीचे मालक स्वतः आले होते, इस्त्रीचा शर्ट, हातात कॉफी. पहिली फेरी, दुसरी, दहावी. काही झालं नाही. मालक हसत होते. हेर क्लिंगलर घड्याळ बघत होते आणि त्यांना तिथे पार्किंग दिसायला लागलं असावं. मी यमुनाकडे पाहिलं. तिच्या मुठी आवळलेल्या होत्या.

सव्विसाव्या फेरीला आतून खाडकन आवाज आला. गाडी थांबली, दार उघडलं. कडी तुटली होती, स्ट्रेचर आडवं झालं होतं आणि वाळूचा माणूस खाली पडला होता.

मालकांची कॉफी शर्टावर सांडली. आणि आमची बाई? सुजलेला गाल विसरून टाळ्या वाजवत नाचायला लागली. "तुटली! अहो, तुटली! इथेच तुटली!" मालकांना वाटलं असेल की ही वेडी आहे. पण मला माहीत होतं. मी जाऊन तिच्या मुठी धरल्या. त्या आपणहून उघडल्या.

मालकांनी ती तुटलेली कडी उचलून उलटसुलट पाहिली. मग म्हणाले, "दोन महिन्यांनी नवी कडी घेऊन येतो. हा रस्ता असेल ना?"

हेर क्लिंगलर एकदा कडीकडे बघून म्हणाले, "हो. असेल."

मालक वाकून लाटांकडे बघत राहिले. "इतका वाईट रस्ता मी जर्मनीत पाहिला नाही. कोणी केलाय हा?"

हेर बाउमाननी आपला हात वर केला.