घड्याळातले पंधरा खडे

भोरात माझी पारख प्रसिद्ध होती, असं मी म्हणते. लोक काय म्हणत, ते मी कधी विचारलं नाही. हिंग चिमटीत चोळून, केशर पाण्यात टाकून, तूप तळहातावर घेऊन मी खरं-खोटं सांगत असे. शेजारणी मला बाजारात बरोबर नेत. त्यात माझी सकाळ फुकट जाई, पण मान मिळे, आणि तो मला आवडे.

नणंदेचं लग्न आंबवड्याला ठरलं. आमच्या सासऱ्यांचं जुनं विलायती घड्याळ नवरदेवाला द्यायचं होतं. खिशात ठेवायचं, साखळीचं, झाकण पिवळंधमक. बैठकीत नवऱ्या मुलाचे वडील म्हणाले, "घड्याळ अस्सल हाय न्हवं? हल्ली नकली लई निघत्यात." घरातल्या पुरुषांनी तोंड उघडायच्या आत मी दारातून सांगितलं, "मी स्वतः पारखून देते." घड्याळाला तोवर मी फक्त वरून फडकं मारलेलं होतं.

सासरे गेल्यापासून ते बंद होतं, म्हणून आधी पेठेतल्या घड्याळजींकडे तेलपाण्याला दिलं. हे म्हातारे मुसलमान गृहस्थ. सगळी पेठ त्यांना चाचा म्हणे. दुकान एका दाराएवढं. भोरात घड्याळंच मुळी किती, त्यामुळे दुरुस्तीवर त्यांचं घर चालत नसे. चाले ते कचेरीतल्या मोठ्या घड्याळावर. दर सोमवारी त्याला किल्ली द्यायचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडे होतं, आणि ती किल्ली त्यांच्या कमरेला असे.

आठ दिवसांनी घड्याळ टिकटिकत घरी आलं. आमचे हे शाळेत मास्तर. त्यांनी मागचं झाकण उघडून आतल्या पत्र्यावरची इंग्रजी अक्षरं वाचली आणि सहज म्हणाले, "यात पंधरा रत्नं आहेत म्हणे."

मी ताठ बसले. पंधरा रत्नं, आणि मी न मोजता देऊन आले! माझी नथ सोनाराकडे जाते तेव्हा मोती मोजून जाते, आणि परत येते तेव्हा मी त्याच्यासमोर उभी राहून पुन्हा मोजते. सोनारालाही त्याचं काही वाटत नाही. त्या घड्याळाच्या बाबतीत माझं एवढंच चुकलं, अशी तेव्हा माझी समजूत होती.

अडकित्त्याच्या टोकानं आतला पत्रा उचकटला, घड्याळ खिडकीपाशी धरलं आणि मोजायला बसले. चाकांच्या टोकांशी खसखशीएवढे लाल ठिपके दिसत होते. पाच. पुन्हा मोजले. पाच.

"दहा गेले," मी म्हटलं.

"अगं, आत असतील," हे म्हणाले.

"आत म्हणजे कुठे? मी आतच बघतेय."

"त्याच्याही आत."

"तुम्ही वह्या तपासा," असं सांगून मी घड्याळ पदरात बांधलं आणि निघाले.

बाजाराचा दिवस होता. उत्रोलीचे लोक तांदूळ घेऊन आलेले, पेठ भरलेली. घड्याळजींच्या दुकानापाशी कचेरीतले एक कारकून उभे होते. एरवी मी माणसाला बाजूला घेऊन बोलते, पण त्या दिवशी मला माणसं हवीच होती. मी घड्याळ त्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि तांदळाच्या पोत्यांपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "चाचा, यात पंधरा खडे होते. पाच उरलेत. बाकीचे दहा?"

चाचांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. तो पाहून मला वाटलं, चोर सापडला.

कारकून दोन पावलं मागे सरकले. "चाचा, तुम्हाला मी ओळखतो," ते म्हणाले, "पण चारचौघांत नाव निघालंय. याचा निकाल लागेतो किल्ली माझ्याकडे राहू द्या. उद्या वरून विचारणा झाली तर मी काय सांगू?"

म्हाताऱ्यानं कमरेची किल्ली सोडून त्यांच्या हातात दिली. कारकून ती घेऊन कचेरीकडे चालते झाले. मग चाचा मला म्हणाले, "मास्तरीणबाई, बसा. आत्ताच उघडतो, सगळ्यांम्होरं. तुमीच मोजा."

मी बसले. त्यांनी पांढरं फडकं पसरलं, डोळ्याला भिंग लावलं आणि घड्याळ सोडवायला घेतलं. एकेक भाग ते चिमट्यानं उचलून फडक्यावर ठेवत, भिंग माझ्या हातात देत आणि म्हणत, "बघा." मी बघे आणि मोजे. जो ठिपका मी एक मोजला होता, तो एकावर एक बसवलेले दोन निघाले. म्हणजे वरच्या बाजूलाच पाचाचे सहा झाले. एका काट्याला दोन शिंगं होती, त्यात दोन. डोलणाऱ्या चाकाच्या पोटाशी एक. नवापर्यंत मी मोठ्यानं मोजलं. मग माझा आवाज आपोआप खाली आला, पण तोवर भोवतालच्या लोकांनी मोजणी उचलली होती. तळाचा पत्रा उलटा केला आणि पेठ एका सुरात म्हणाली, "धा! अकरा! बारा!"

पंधराला तर कुणीतरी टाळी वाजवली. एक तांदूळवाली म्हणाली, "बाई, मापाला उभ्या ऱ्हाता का आमच्याकडं? दाना न् दाना मोजून हुईल."

माझी मान खाली गेली होती, तरी जीभ शाबूत होती. "एवढी माणकं उघड्यावर ठेवलीत, सांभाळा," मी म्हटलं.

"कसली मानकं?" चाचा म्हणाले. "भट्टीत केलेलं खडं हायेत. चाकाचा दांडा झिजू नये म्हनून बसिवत्यात. धाच्या धा इकाया नेलं तरी कुनी च्या पाजायचा न्हाई."

"मग घड्याळ अस्सल की नकली, तेवढं सांगा."

त्यांनी यंत्रावर कोरलेला आकडा दाखवला, मग झाकणाच्या आतला. दोन्ही एकच. तबकडीवरचं नाव आणि यंत्रावरचं नावही एकच. "ह्ये जुळलं की बरंचसं कळतं," ते म्हणाले. "खडं मोजून न्हाई कळत. घड्याळ अस्सल हाय. झाकन तेवढं चांदीचं, वर सोन्याचं पानी."

लोक पुन्हा हसले. हिंग-केशराची पारख करणाऱ्या बाईनं स्वतःच्या कपाटातलं चांदीचं झाकण पंधरा वर्षं सोनं म्हणून जपलं होतं. कसोटीवर घासून पाहायचं कधी मनातही आलं नाही. घरचं सोनं कोण घासतं?

व्याह्यांना मी सगळं सरळ सांगून टाकलं. त्यांनी घड्याळ कानाला लावलं आणि म्हणाले, "चालतंय न्हवं? मग झालं." तिकडचं तेवढ्यावर मिटलं. पण किल्ली कचेरीत अडकली होती, आणि ती माझ्यामुळे अडकली होती.

दुसऱ्या दिवशी मी चाचांना घेऊन कचेरीत गेले. कारकून म्हणाले, "तोंडी आरोप तोंडी मागे घेतला, असं दफ्तरात लिहिता येत नाही. लेखी द्या." मी तिथेच बाकावर बसून अर्ज लिहिला. खडे पूर्ण आहेत, दोष माझ्या मोजणीचा आहे, घड्याळजींची काहीही लबाडी नाही. शेवटी थोडी नम्रता बरी म्हणून लिहिलं, 'मी अडाणी बाई असल्याने ही चूक घडली.'

कारकुनांनी अर्ज मोठ्यानं वाचून दाखवला. चाचांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि 'अडाणी'पाशी हात वर केला.

"त्येवढं खोडा, सायेब."

मला बरं वाटलं. म्हातारा मोठ्या मनाचा आहे, असं मी मनात म्हणतच होते.

"अडानी मानूस मोजाया बसत न्हाई," चाचा म्हणाले. "हुशार लिवा."

कारकुनांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी टाक बुडवला, 'अडाणी'वर रेघ मारली आणि वर सुवाच्य अक्षरात 'हुशार' लिहिलं. मग खाडाखोडीपाशी माझी पुन्हा सही घेतली आणि किल्ली चाचांच्या हातात दिली.