ओमीने दिलेले धक्के

लखनऊच्या मानक नगरमधल्या आमच्या कॉलनीत आम्ही तीन मराठी बायका संध्याकाळी फिरायला जातो. फिरणं नावाला, खरं काम गप्पांचं. प्रत्येकीचा एक विषय ठरलेला आहे. एकीची सासू, एकीची गुडघेदुखी, आणि माझा ओमी. या एकुलत्या एका पोराने गेल्या काही वर्षांत मला इतके धक्के दिलेत, की परवा एक जण म्हणाली, "सुनंदाताई, हे लिहून ठेवा, नाहीतर आम्ही आमच्या पोरांच्या नावावर खपवू." म्हणून लिहिते.

मी मूळची कराडची. आमचे हे रेल्वेच्या संशोधन संस्थेत इंजिनिअर. धावत्या डब्यांना किती हादरे बसतात ते मोजायचं, हे त्यांचं काम. घरातले मोजायला कोणी नाही.

*

पहिला धक्का मलिहाबादला बसला. जूनमध्ये आम्ही दशहरी आंबे आणायला तिकडे जातो. त्या वर्षी बागवाल्याने पेटी समोर ठेवली आणि मी बघतच राहिले. पेटीवर एका बाईचं चित्र. हातात आंबा, डोळे वटारलेले, अंबाडा सुटत आलेला. नाक माझं, टिकली माझी, रागसुद्धा माझाच.

"ये किसने बनाया?" मी विचारलं.

"कॉलेज का लड़का है, बहनजी. रोज़ सुबह आता है, शाम को जाता है. बड़ा हुनर है हाथ में. आम तो इसी औरत के मुँह पे बिक रहा है."

म्हणजे ज्याला मी दोन महिने रोज डबा देऊन मेकॅनिकलच्या थर्ड इयरला पाठवत होते, तो इथे आंब्याच्या पेट्यांवर चित्रं काढत होता. मी ह्यांच्याकडे बघितलं. बाप आहे, आता तरी काही बोलेल. ह्यांनी पेटी लांब धरली, मग जवळ धरली.

"नाक बरोबर आलंय," म्हणाले.

*

पण खरं सांगू? कॉलेज सुटल्याचं मला जेवढं लागलं नाही, तेवढं दुसरंच लागत होतं. हा पोरगा माझ्याशी मराठीत बोलायचाच नाही. जन्म लखनऊचा, शाळा इथली, मित्र इथले. मराठी कळायची सगळी, उत्तर मात्र हिंदीत. तो दारातून आत आला की माझी ठरलेली सरबत्ती सुरू व्हायची. "मुडद्या, चपला बाहेर काढ! हात धुतलेस का? जेवलास का?" आणि त्याचं ठरलेलं उत्तर, "हाँ मम्मी, खा लिया."

एकदा कराडहून माझा भाऊ आला. त्याने भाच्याला जवळ बसवून विचारलं, "काय ओंकारराव, पुढं काय करायचं ठरवलंय?"

"जी मामाजी, देखते हैं," ओमी म्हणाला.

दोन दिवस हे असं ऐकून घेतल्यावर भाऊ मला म्हणाला, "सुने, पोरगं तुझंच ना?"

तो हसला, मीही हसले. तो गेल्यावर मात्र मी ओमीला धरलं. "एक वाक्य बोल मराठीत. एकच."

"मम्मी, समझता तो हूँ ना."

"समजतं ते कॉलनीतल्या कुत्र्यालाही," मी म्हटलं.

त्या दिवशी मी रडले. उद्या हा कुठे लांब गेला, तर आमच्या दोघांत "हाँ मम्मी"शिवाय काही उरायचं नाही, ही भीती तेव्हापासून मनात बसली ती बसलीच.

*

मग ओमी अलीगंजच्या एका स्टुडिओत लागला. लग्नाच्या कार्टून पत्रिका करायच्या, मोबाइलवर पाठवतात तसल्या. नवरदेव घोड्यावरून येतो, नवरी लाजते, खाली तारीख आणि हॉलचा पत्ता. शेजारच्या मिश्राभाभींच्या पिंकीचं लग्न ठरलं तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "हमारा ओमी बना देगा."

ओमी नवऱ्या मुलाला प्रत्यक्ष भेटून आला. आठवड्याने पत्रिका सगळ्या गोतावळ्यात गेली. घोडा उधळतो, फेटा उडतो आणि खाली लख्ख टक्कल. मुलाकडून आलेल्या एकूण एक फोटोत टोपी होती, हे मला मागाहून कळलं.

मिश्राभाभी दारात येऊन एवढंच म्हणाल्या, "भाभीजी, हमने आपका क्या बिगाड़ा था?"

मला कुठे तोंड लपवू असं झालं. लग्न मोडलं असं धरूनच आम्ही बसलो होतो. तिसऱ्या दिवशी पिंकी स्वतः मिठाईचा डबा घेऊन आली. ओमीला म्हणाली, "भैया, अब तसल्ली है. उनके पास छिपाने को कुछ बचा ही नहीं."

लग्न थाटात झालं. स्टुडिओने मात्र ओमीला काढून टाकलं.

*

त्यानंतर त्याने खोलीचं दार लावून घेतलं. कोडिंग शिकतोय म्हणे. आठ महिने! जेवायला बाहेर यायचा, ओट्यावर फोन विसरायचा, पुन्हा आत. मी पोळ्या लाटता लाटता बडबडायची आणि त्याचा तो फोन डब्यांना टेकून उभा असायचा.

एक दिवस दुपारी आतून आवाज आला, "मर गया... फिर मर गया... यार, आठवीं बार मर गया."

ह्यांना ऑफिसात फोन लावला, "असाल तसे या." हे खरोखर असतील तसे आले, डोक्यावर टेस्टिंगचं हेल्मेट. दार ढकललं. पोरगा कॉम्प्युटरसमोर बसलेला. त्याने एक गेम तयार केला होता. त्यातलं पोरगं घराच्या दारापर्यंत पोचलं की मरत होतं.

मला वाटलं, आता तरी हे ओरडतील. ह्यांनी खुर्ची ओढली, हेल्मेट मांडीवर घेतलं आणि विचारलं, "प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी मरतो का?"

संध्याकाळपर्यंत दोघं तक्ता करत बसले होते. मी दोनदा चहा नेऊन ठेवला. माझ्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही. दोघांचं मस्त जमलं होतं आणि मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला ह्यांचा हेवा वाटला.

*

पुढचा धक्का भाजीच्या ठेल्यावर. मी आपली भेंडी निवडत होते. भाजीवाला म्हणाला, "आंटी, भैया को दो मफलर दे दीजिएगा. फ़िनलैंड में बहुत ठंड होती है."

"कौन भैया?"

"अपने ओमी भैया. अगले महीने जा रहे हैं ना. गेम बनाने वाली कंपनी में."

भेंडी तिथेच टाकून मी घरी आले. ओमी म्हणाला, "मम्मी, आज ही बताने वाला था." भाजीवाल्याला माहीत, मिश्राभाभींना माहीत, गेटवरच्या गार्डला माहीत. जगाशी ह्याची जीभ चालत होती, घरात आईशीच तेवढी चालत नव्हती.

विमानतळावर मी गोडा मसाला दिला, तिळाची चटणी दिली, मफलर तीन दिले. म्हटलं, "वेळेवर जेवत जा."

"हाँ मम्मी."

हे गाडीत मला म्हणाले, "अगं, फोन करेल की रोज."

"करेल," मी म्हटलं. "आणि बोलेल काय?"

*

आणि आता गेल्या महिन्यातली गोष्ट.

ओमीला जाऊन सहा महिने झाले होते. एका संध्याकाळी व्हिडिओ कॉल आला. म्हणाला, "मम्मी, ऑफिस के लोग आपसे मिलना चाहते हैं." मी घाईघाईने साडी सारखी केली. ह्यांना शेजारी बसवलं. पडद्यावर ओमी, मागे त्याचं ऑफिस. सगळे नुसत्या मोज्यांवर फिरत होते, ते बघून मला जरा बरं वाटलं.

एक उंच गोरी बाई पुढे आली. ओमी म्हणाला, "ये हाना हैं, मेरी बॉस." मी हात जोडले. तिनेही जोडले, घसा खाकरला आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"मुडद्या, चपला बाहेर काढ!"

मागून दोघं-तिघं ओरडले, "हात धुतलेस का?"

माझा हात लागून समोरचा चहा ह्यांच्या पँटवर सांडला.

ओमीचे कान लाल झाले होते. "मम्मी, वो जो गेम था ना... उसके दरवाज़े पर एक आई खड़ी है. कुछ भी गड़बड़ करो तो डाँटती है. आवाज़ आपकी है. किचन में रिकॉर्ड की थी. नौकरी भी उसी गेम पे मिली."

"न विचारता?" मी म्हटलं. "आणि मुडद्या पण ठेवलंस त्यात?"

"वही सबसे हिट है, मम्मी."

हे निमूटपणे पँट पुसत होते. तेवढ्यावरून मी ओळखलं, ह्या माणसाला सगळं आधीपासून माहीत होतं.

तेवढ्यात हाना ओमीला इंग्रजीत काहीतरी विचारायला लागली. बराच वेळ विचारत होती. मी म्हटलं, "काय म्हणते ती?"

"कह रही है, गेम में आई बार-बार एक बात पूछती है, 'जेवलास का?' और लड़का कुछ बोलता ही नहीं, चुपचाप निकल जाता है. इन्हें अजीब लगता है. पूछ रही है, तुम्हारे घर में इसका जवाब क्या देते हैं? अगले वर्ज़न में डालना है. मेरी आवाज़ में."

हानाने एक छोटा माइक त्याच्यासमोर सरकवला. हे पँट पुसायचे थांबले.

ओमीने माइककडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"जेवलो, आई," तो म्हणाला.

"काय जेवलास?" मी विचारलं.