शेजारणीची मोहफुलं

चामोर्शीचं घर विकताना मी शेजारणीचं भांडण लपवलं नाई. "बाई भांडखोर आहे," असं घेणाऱ्याले तोंडावर सांगितलं. पण माझ्या मोहाची फुलं तिच्या अंगणात पडत, अन् ती उठायच्या आधी मीच वेचून आणत होतो, भांडण त्याच्यावरूनच होतं, हे सांगितलं नाई.

परवा राहिलेलं सामान आणाले गेलो. शेजारीण तिच्या अंगणात पडलेली टोपलीभर मोहफुलं द्याले त्या घराच्या फाटकाशी उभी होती. घर घेणाऱ्याची बायको आतूनच म्हणाली, "नको आम्हाले. भाऊनं सांगितलं सगळं."

बाई माझ्याकडे वळली. "काय सांगितलं, भाऊ?"

जिंदगीत कोणापुढं मान खाली घातली नव्हती. "अर्धंच सांगितलं, बाई," म्हणालो, अन् टोपली हातात घेऊन हाक मारली, "पोरी, बाहेर ये. बाकीचं सांगतो."